हापश्याचा दांडा, पटाशीचा दात : सांगली जिल्ह्यातल्या शिक्षकांना खुलं पत्र

सांगली जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि खेळाचे शिक्षक यांना,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत लहान मुलांचे दात बघते. बावीस वर्षं झाली. माझे वडील तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, त्यामुळे शाळेत परिपत्रकं किती येतात आणि पुढे कुठल्या फायलीत जातात, हे मला घरातूनच माहीत आहे. म्हणून जावक क्रमांक न घालता, शाळेत मार लागलेले पोरांचे दात कसे वाचवायचे यावर सरळ तुम्हालाच लिहिते आहे.

मागच्या पावसाळ्यात जत तालुक्यातून नऊ वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर आला. दुसरीत असताना शाळेतल्या हापश्यावर पाणी पिताना कुणीतरी दांडा मध्येच सोडला, तो उसळून याच्या तोंडावर बसला आणि वरचा पटाशीचा दात तिरका तुटला. गुरुजींनी चूळ भरायला लावली, ओठाला हळद लावली आणि घरी निरोप धाडला की दुधाचा दात असेल, पडेल आणि नवा येईल. पोराला दुखत नव्हतं, म्हणून घरातही कुणी मनावर घेतलं नाही. चौदा महिन्यांनी तो माझ्यासमोर बसला तेव्हा दात करडा पडला होता आणि वर हिरडीवर मोहरीएवढी पुळी होती. दाबली की पू.

गुरुजींना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडात दुधाचे आणि कायमचे दात शेजारीशेजारी असतात, गोंधळ व्हायचाच. पण ओळखायची एक सोपी खूण आहे. वरचे मधले दोन दात शेजारच्यांपेक्षा मोठे, रुंद दिसत असतील आणि त्यांच्या धारेवर करवतीसारखे बारीक दाते असतील, तर ते कायमचे. सातव्या-आठव्या वर्षी येतात ते हेच. ते पडले की पुन्हा नवा दात नाही.

आता मुद्द्याचं सांगते. हा दात बाहेरून पूर्ण दिसतो, आतून अर्धवट असतो. हिरडीतून वर आला तेव्हा त्याचं मूळ पुरतं तयार झालेलं नसतं. लांबी कमी, भिंती पातळ आणि खालचं टोक निमुळतं असण्याऐवजी नरसाळ्यासारखं उघडं. उरलेलं काम पुढची साधारण तीन वर्षं चालतं, आणि ते करतो दाताचा गाभा. आपण ज्याला 'दाताची नस' म्हणतो ती एकटी नस नसते. त्यात रक्तवाहिन्या असतात, चेतातंतू असतात आणि आतल्या भिंतीला चिकटून दात बांधणाऱ्या पेशींची एक रांग असते. या पेशी आतून थर चढवत जातात, तसं मूळ जाड आणि लांब होतं. मार लागून गाभा मेला की बांधकाम त्या दिवशी थांबतं. त्या मुलाच्या एक्स-रेमध्ये हे अगदी उघड दिसत होतं. शेजारच्या दाताचं मूळ टोकाशी मिटत आलेलं, आणि याचं मात्र दुसरीतच अडकलेलं.

मोठ्या माणसाच्या मेलेल्या दाताला आम्ही रूट कॅनल करतो. आतली नळी साफ करायची आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने दाबून भरायची. नळी टोकाकडे अरुंद असते म्हणून भरण तिथे अडतं. नरसाळ्याला खालून बूडच नाही, दाबाल तेवढं हाडात जाईल. म्हणून पूर्वी आम्ही अशा दातात कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट भरायचो, काही महिन्यांनी बदलायचो, पुन्हा भरायचो. वर्ष-दीड वर्षात टोकाशी कडक पापुद्रा तयार व्हायचा, मग पक्कं भरण. मी शिकले ते हेच. टोक मिटायचं, पण भिंती होत्या तेवढ्याच पातळ राहायच्या. २००२ साली प्रयोगांतून असंही पुढे आलं की ही पेस्ट दातात फार दिवस राहिली तर मूळ आणखी ठिसूळ होतं.

२००६ साली एका मुलीच्या दातात मी चौदा महिने ती पेस्ट ठेवली. काम छान झालं म्हणून मी खूश, तिची आई खूश. दहावीच्या सुट्टीत तिने उसाचं कांडं दाताने सोललं आणि दात हिरडीच्या पातळीवर आडवा मोडला. सांगली जिल्ह्यात राहून पोरांना ऊस खाऊ नका म्हणायचं, हे काही मला जमणार नाही. दातच उसाला टिकेल असा करायला हवा.

त्यानंतर मी जे शिकले, ते तुमच्यापर्यंत यावं म्हणून हा पत्रप्रपंच.

मेलेल्या दाताच्या पोकळीत पुन्हा जिवंत ऊती वाढवता येईल का, हा प्रश्न जुना आहे. नॉर्वेतल्या नीगार्ड-ऑस्बी या दंतवैद्याने १९६१ साली, साफ केलेल्या नळीत मुद्दाम रक्त येऊ देऊन त्या गुठळीत काय वाढतं ते तपासलं होतं. तेव्हा जंतू नीट मारता येत नव्हते, त्यामुळे विषय मागे पडला. २००१ साली जपानमधल्या दंतवैद्यांनी एका मुलीच्या खालच्या उपदाढेची, म्हणजे सुळा आणि दाढ यांच्यामधल्या दाताची, हकीकत छापली. गाभा सडलेला, हिरडीतून पू, टोक उघडं. त्यांनी पेस्टने बूड न बांधता जंतू मारले आणि वरून दात बंद केला. तीस महिन्यांनी मुळाच्या भिंती जाड झालेल्या होत्या आणि टोक मिटलं होतं. सडलेला म्हणून सोडून दिलेला दात पुन्हा वाढायला लागला होता! २००४ मध्ये बँक्स आणि ट्रोप यांनी या उपचाराची पायरीपायरीची पद्धत मांडली, आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने त्याला आपल्या उपचारांच्या यादीत वेगळा क्रमांक दिला.

त्या जतच्या मुलावर मी हेच केलं. पहिल्या दिवशी दात उघडून आत दीड टक्क्याच्या सोडियम हायपोक्लोराइटने, म्हणजे जंतू मारणाऱ्या द्रावणाने, हळूहळू धुतलं. मोठ्यांना वापरतो तेवढं तीव्र द्रावण इथे चालत नाही, कारण ज्यांच्यावर सगळी मदार त्या मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशी त्याने मरतात. कानशीसारखं घासायचंही नाही, भिंती आधीच कागदासारख्या. मग औषध ठेवून दात बंद. तीन आठवड्यांनी पुळी बसली होती. दुसऱ्या खेपेला ॲड्रिनलिन नसलेलं भुलीचं इंजेक्शन दिलं, कारण ॲड्रिनलिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि आम्हाला तर रक्तच हवं असतं. ईडीटीए नावाच्या, दातातलं कॅल्शियम थोडं विरघळवणाऱ्या द्रावणाने भिंती धुतल्या. दात घडताना त्याच्या भिंतीत वाढीची काही प्रथिनं कोंडून राहिलेली असतात, ती या द्रावणाने मोकळी होतात. मग बारीक सुई मुळाच्या टोकाबाहेर दोनेक मिलिमीटर नेली आणि पोकळीत रक्त चढू दिलं.

हे रक्त म्हणजे नुसतं रक्त नसतं. उघड्या टोकाशी मऊ ऊतीची एक गादी असते, दाताचं मूळ घडवणाऱ्या मूळपेशींचा (स्टेम सेल, ज्यांच्यापासून नव्या पेशी घडतात) तो साठा. सुई लागली की त्या पेशी रक्ताबरोबर आत येतात. गुठळी झाली की तिच्यावर सिमेंटचं झाकण घालायचं. या सिमेंटचं नाव एमटीए, आणि त्याचा मूळ घटक म्हणजे आपलं बांधकामाचं पोर्टलँड सिमेंट. ते शुद्ध करून, क्ष-किरणात दिसावं म्हणून त्यात भर घालून दातांसाठी तयार केलेलं. पोराच्या बापाला हे सांगितलं. ते गवंडी निघाले. "मग क्युरिंगला पाणी मारायचं का?" असं विचारून हसले. गंमत म्हणजे हे सिमेंटही ओलाव्यातच घट्ट होतं, त्यामुळे प्रश्न चुकीचा नव्हता.

नऊ महिन्यांनंतर मुळाच्या टोकाशी पोखरलेलं हाड भरून आलं आहे. भिंत थोडी जाड दिसते. लांबी किती वाढेल, हे पुढच्या वर्षीच्या एक्स-रेत कळेल. संसर्ग बहुतेकदा बरा होतो, पण मूळ किती जाड आणि किती लांब होईल हे प्रत्येक दातागणिक वेगळं असतं, आणि आधीच हमी देणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी विकायला बसले आहे असं वाटेल. आत जे वाढतं तो हुबेहूब पूर्वीचा गाभा नसतो. पुढे कधी काढाव्या लागलेल्या अशा दातांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा बऱ्याचदा आत हाडासारखी आणि मुळावरच्या आवरणासारखी ऊती दिसली. घर पडलं आणि त्याच जागी बांधलं, पण विटा शेजारच्यांकडच्या, असं काहीसं. तरीही ऊती जिवंत आहे, तिला रक्त मिळतं, भिंत जाड होते, काही मुलांना थंडाची जाणीवही परत येते. नऊ वर्षांच्या पोराच्या दाताला एवढं मिळालं तरी खूप झालं.

अगदी खरा गाभा वाढवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. मुलांच्या पडणाऱ्या दुधाच्या दातांत मूळपेशी असतात हे २००३ मध्ये अमेरिकेत दाखवलं गेलं. २०१८ साली चीनमधल्या संशोधकांनी दुखापतीने दात मेलेल्या ४० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. ३० जणांच्या दातात त्यांच्याच दुधाच्या दातातल्या वाढवलेल्या पेशी बसवल्या, १० जणांवर जुनी पद्धत. पेशी बसवलेल्या दातांत रक्तवाहिन्या आणि संवेदना परत आल्या. बातमी खरी आणि मोठी आहे. पण तिचा आधार घेऊन कुणी पालकसभेत येऊन 'दुधाच्या दाताची बँक' काढायला सांगत असेल, तर त्याला फाटकातूनच नमस्कार करा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्याकडे फक्त नाळेच्या रक्ताच्या बँकेला परवानगी आहे, दाताच्या नाही. दुधाचा दात खुशाल कौलावर फेका.

पण कायमचा दात कौलावर जाता कामा नये, आणि इथून पुढे सगळं तुमच्या हातात आहे. कारण मी ज्या उपचाराचं एवढं कौतुक केलं, तो दुसऱ्या नंबरचा आहे. पहिल्या नंबरचा उपचार म्हणजे गाभा मरूच न देणं. दात तुटून आत लाल ठिपका दिसत असेल, तर गाभा उघडा पडला आहे, पण बहुतेकदा जिवंत आहे. वरचा दोनेक मिलिमीटरचा थर काढून उरलेल्यावर झाकण घातलं की तो जगतो आणि मूळ स्वतःच पूर्ण करतो. स्वीडनमधल्या त्स्वेक यांनी १९७८ मध्ये ६० पटाशीच्या दातांवर हे केलं, ९६ टक्के जगले. एका बैठकीचं काम. जतच्या त्या मुलाला त्याच आठवड्यात आणलं असतं, तर माझी सुई, रक्त, गुठळी यातलं काही लागलं नसतं.

म्हणून दात तुटला की तुकडा शोधा. मैदानात, खो-खोच्या खांबाच्या पायथ्याशी, हापश्याच्या कट्ट्यावर. दुधात किंवा पाण्यात ठेवून मुलाबरोबर पाठवा, पुष्कळदा तोच परत चिकटवता येतो. नुसता हलत असेल, आत गेला असेल, रंग बदलला असेल, तरी पाठवा. दुखत नाही ही काळजी मिटल्याची खूण नाही. मेलेला दात दुखत नाही, हीच तर अडचण आहे.

आणि अख्खा दात मुळासकट बाहेर पडला तर? तिथे मिनिटं मोजावी लागतात. मुळाला हात लावू नका, पांढरा भाग धरून उचला. माती लागली असेल तर थंड दुधात बुचकळून काढा. रुमालाने पुसू नका, ब्रशने घासू नका, डेटॉल तर नकोच. जमत असेल तर तिथेच खाचेत परत बसवा, मुलाला रुमाल चावून धरायला सांगा आणि निघा. धीर होत नसेल तर दुधात ठेवा. पाण्यात नको, पाण्यात मुळावरच्या पेशी फुगून फुटतात. कोरडा तासभर राहिला की त्या पेशी संपल्या. मूळ अर्धवट असेल आणि लवकर बसवलं, तर उघड्या टोकातून रक्तवाहिन्या आपणहून पुन्हा आत शिरू शकतात. फक्त तो दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही, खालच्या नव्या दाताला धक्का लागतो.

एक खेळाचे सर मिरजेजवळून असा दात घेऊन आले होते. चहाच्या ग्लासात दूध, वर पेपराचा तुकडा. मी आधी विचारलं, "सर, टपरीवरचं गरम गोड दूध तर नाही ना?" ते म्हणाले, "मॅडम, पिशवी फोडायला लावली." कुठे तरी फळ्यावर वाचलं होतं म्हणे. दोन आठवडे शेजारच्या दातांना बांधून ठेवला, मुळाला आपला रक्तपुरवठा मिळाला, रूट कॅनल लागलं नाही. दुधाचा पट्टा आहे आपला. शाळेसमोरच्या टपरीवर थंड दुधाची पिशवी नाही असं गाव मला तरी माहीत नाही.

कुठे पाठवायचं, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. सांगलीत दंत महाविद्यालयं आहेत, कराडजवळ मलकापूरला आहे. तिथे बालदंत विभाग असतो. वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्या तपासणीच्या यादीत दातही आहेत. पथक आलं की पडलेली, धडकलेली पोरं तुम्ही नावानिशी पुढे करा, कारण बाहेरून पांढरा दिसणारा दात घाईत नजरेतून सुटतो. माझ्या व्यवसायबंधूंना एवढंच म्हणेन की दहा वर्षांखालच्या पटाशीच्या दातात फाइल (नळी घासायची सुई) घालण्याआधी एक्स-रेवर मुळाचं टोक बघा. उघडं असेल आणि जमणार नसेल तर पुढे पाठवा. त्यात कमीपणा नाही.

आता एक अवघड गोष्ट. ऊसतोडीच्या हंगामात कोयत्याबरोबर आलेली मुलंही तुमच्या शाळांत बसतात. तीन वर्षांपूर्वी फडाजवळच्या शाळेतून बीडकडची एक मुलगी आली होती, बैलगाडीवरून पडलेली. मी पहिली खेप केली, औषध भरलं, तीन आठवड्यांनी यायला सांगितलं. मध्येच कारखान्याचा पट्टा पडला, टोळी गावी गेली. दातात तात्पुरतं भरण ठेवून ती कुठे गेली, मला कळलं नाही. चूक माझी होती. त्या मुलीला नवं तंत्र नको होतं, तिला त्या दिवसांत पुरं होणारं काम हवं होतं. मुळाच्या टोकाशी एमटीएचं बूच घालून दात बंद करणं, भिंत पातळ राहिली तरी. आता मी आधी विचारते, "गावी कधी जाणार?" हे उत्तर तुमच्याकडे असतं, पालकांपेक्षा लवकर असतं. मुलाबरोबर चिठ्ठी द्याल तेव्हा त्यात टोळी केव्हा उठणार हेही लिहा.

शेवटी हजेरीचं. या उपचाराला सहा महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी तपासणी लागते. दुखत काही नसतं, दात ठीक दिसतो, आणि जतहून सांगलीला एसटीने येण्यात शाळेचा आख्खा दिवस जातो. वर्षअखेरीला शंभर टक्के हजेरीचं बक्षीस असतं. त्या मुलाला ते हवं आहे, म्हणून तो मधल्या एका तपासणीला आलाच नाही. बापाने फोनवर सांगितलं, मला हसावं की रडावं कळेना. आता पुढची तारीख मी जूनमधल्या एका सोमवारी ठेवली आहे. त्याच्या हातात माझी चिठ्ठी असेल. कृपा करून त्या दिवशी त्याला हजर मांडा.

आपली,
सांगलीतली एक बालदंतवैद्य